कॅसेटची दुसरी बाजू

रेकॉर्डिंगसाठी खिडकीवर लावलेली गोदडी काढून टाका. फोडताना आवाज नको म्हणून लपवलेल्या शेंगा पत्र्याच्या डब्यात आहेत. पंखा आता खुशाल लावा.

भाऊ, माझ्या रेकॉर्डरवर चार आवाज दोन्ही बाजूंची जागा घेऊन एकाच दिशेने भरतात, म्हणून त्या कॅसेटला दुसरी बाजू नसते. डबीवर तसं लाल शाईने लिहिलं होतं. तरी तुम्ही ती साध्या टेपमध्ये उलटी घातलीत आणि लखीचंदशेठच्या दुकानाची जाहिरात भरलीत. कमलआत्याच्या ओव्या पुसल्या गेल्या. उरली ती नुसती माझी ढोलकी.

वर म्हणता, "दुसरी बाजू कोरीच व्हती ना रे! आत्याले सांग, परत म्हन."

रेकॉर्डर घेऊन पारोळ्याला, आत्याकडे राहायला चाललोय. तुम्ही तिला भेटायला आलात तर मी दार उघडणार नाही.

घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज वैशाखातच गेला.