दुसरा घाव

कौतिकदादा,

सोमवारी सकाळी तू शहापूरहून आलास, तेव्हा आम्ही चालवतो त्या वसतिगृहातल्या बारा मुली पोहे खात होत्या. "लग्न ठरलंय, चल!" म्हणत तू तुझ्या सायलीला केसांना धरून फरफटत न्यायला लागलास. माझे मालक, तुझे दाजी, आडवे आले, तर त्यांच्या खांद्यावर विळा मारलास. रक्त मुलींच्या ताटांत उडालं.

मी खलातला बत्ता उचलून तुझ्या मनगटावर घातला. हाड मोडलं, सायली सुटली, तरी मी पुन्हा मारलं. पहिला घाव तिला सोडवायला होता, दुसरा नुसता रागाचा. पोलिसांना मी पहिलाच सांगितला.

"आत्या, पप्पांना जास्त लागलं का?" सायलीनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

ती रडली, मग तोंड धुऊन बारावीच्या पेपरला गेली.

तुझी बहीण,
ज्योत्स्ना