तुमच्याबरोबर गेलेला मल्लखांब

प्रिय गुरुजी,

तुमची सगळी पत्रं मीच लिहीत होतो. आता तुम्हालाच लिहायची वेळ आली. तुमचे दिवस झाले, काल पाहुणे परत गेले आणि आज सकाळी मुलं लंगोट कसून अंगणात हजर. येऊ नका, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही सांगता आलं नाही.

मल्लखांबाचं काय झालं, ते मुलांना ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक आहे का?

तुम्हाला नेलं तेव्हा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. स्मशानाला छप्पर नाही, लाकडं भिजलेली. रॉकेल ओतलं की भपकन पेटायचं आणि लगेच विझायचं. तुम्ही तसेच पडून आणि आम्ही छत्र्या धरून उभे. शेवटी पांडू तांडेल म्हणाले, "मल्लखांब हाय ना. इतकी वर्सं एरंडेल प्यायलाय. पावसातबी पेटंल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. खांबाला रोज तेल चोळणारा मीच ना!

मी पळत तुमच्या घरी आलो. काकी दारातच होत्या. विचारलं, तर म्हणाल्या, "आधी त्यांना पोचव रे. खांबाचं मागाहून बघू."

खांब अंगणातून उपटून काढला; कापताना करवत तेलाने घसरत होती. खांब मात्र पेटला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंच वाईट वाटलं.

मुंबईच्या तालमीत तुमचं केवढं नाव होतं! खांदा निखळला आणि सगळं थांबलं. तालमीने विचारलं, निरोपाला काय देऊ? तुम्ही रोजचा खांब मागितलात. गलबतातून रेवसला आणि पुढे बैलगाडीने काशीदला आणलात, तेव्हा पांडू तांडेलच हसले होते म्हणे, "लोक मुंबैहून पैका आनतान, ह्यो ओंडका घेऊन आला." पुढे त्यांचेच नातू तुम्ही त्या ओंडक्यावर चढवलेत. कुणी फी विचारली की म्हणायचात, "बांगडे ताजे असतील तर दे."

एवढ्या पोरांना शिकवलंत, मग खांबच नसला तर काय करायचं, हे का नाही सांगितलंत? मी चौथी शिकलेला. खांबावरही बेताचाच. "दामू, तू पडायच्या भीतीनेच आधी पडतोस," असं तुम्हीच म्हणायचात. नवा खांब करायचा तर म्हसळ्याकडून सागवान आणायचं, ते घडवणारा सुतार शोधायचा. मला कोण ओळखतं तिकडे?

आज मुलं खड्ड्याभोवती गोल उभी राहिली. तांडेलांचा गोमा म्हणाला, "दादा, आज काय करायचं?" मी सूर्यनमस्कार घातले, त्यांच्याकडून घालून घेतले. मग तो म्हणाला, "आता?"

मी सगळ्यांना घरी पाठवलं.

संध्याकाळी तांडेल येऊन म्हणाले, "खड्डा बुजव रं. कुनाची गाय पाय मोडून घेईल."

गुरुजी, नवा खांब उभा करीन असं वचन देत नाही. जमलं नाही तर? पण खड्डा बुजवणार नाही. पावसाने भरला की उपसून काढीन, वर फळी टाकून ठेवीन. आणि उद्या मुलं आली, तर त्यांना परत पाठवणार नाही.

तुमचा,
दामू