पुलियाखालची इजिप्शियन रुई

१ ऑक्टोबर २०१७, रविवार
आजपासून जिओकॅशिंग. निर्णय झाला. जगभर शहाणे लोक डबे लपवतात, जागेचे आकडे मोबाइलवर टाकतात आणि दुसरे शहाणे ते शोधत येतात. डब्यातली एक वस्तू घ्यायची, तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. घाटंजी तालुक्यात असा एकही डबा नाही. मागासलेपण म्हणतात ते हेच.

वेळ भरपूर आहे. बोंडअळीनं कापूस खाल्ला, जिनिंगचा कारखाना अजून बंदच. मालक पुंडलिकराव रुईची प्रत ठरवायला यंदा दोनऐवजी एकच ग्रेडर ठेवणार म्हणे. एक मी, दुसरा बादल. तुमची नोकरी गेली तर मले वेचणीले जा लागते, असं ममता उठता-बसता ऐकवते. बायकोला नवऱ्याची पारख नसते. मला चिमटीभर रुई द्या, कोणत्या शिवारातली ते सांगतो. बादलला ही विद्या यायला दुसरा जन्म लागेल.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ
डबा लपवला. पारवा गावच्या रस्त्यावर, नाल्यावरच्या छोट्या पुलियाखाली, सैल दगडामागे. डबा ममताचा, तिखटाचा. तिखट कायात ठेवू म्हणाली. या घरात मोठा विचार करणारा मी एकटाच. झाकणावर नियम चिकटवले, मराठीत आणि इंग्रजीत. आत सहीसाठी वही आणि अस्सल भारतीय वस्तू म्हणून आमच्या कुकरची शिट्टी. परदेशी माणसाला तिचं किती अप्रूप वाटेल ते ममताला कळणार नाही, म्हणून सांगितलं नाही.

तांड्यावरची भुरीबाई बकऱ्या घेऊन समोरच बसली होती. काय करून राह्यला विचारलं. रस्त्याचा सर्व्हे, म्हटलं. पटलं तिला.

६ ऑक्टोबर
वरण कच्चं. ममता दिवसभर शिट्टी शोधत होती. मीही पलंगाखाली शिरून शोधली. संसारात साथ द्यावी लागते.

११ ऑक्टोबर
सापडला! म्हणजे डबा कोणाला तरी सापडला. शिट्टी गेली आणि तिच्या जागी तपकिरी कंगवा. दोन दात मोडलेले. वहीत सही नाही. मोठी माणसं सही करत नाहीत. कंगवा नक्की परदेशी. माझाही साधारण असाच होता, पण तो दसऱ्याला हरवला. याला आवळ्याच्या तेलाचा वास येतो. युरोपात हल्ली आयुर्वेदाचं वेड आहे.

भुरीबाईकडे गुप्त चौकशी केली. ती हसू दाबत म्हणाली, "एक बाई येते ना. इकडंतिकडं पाह्यते, डबा काढते अन् एकटीच हसते."

म्हणजे मॅडम. फॉरेनर. आपल्याकडच्या बायका एकट्या हसत नाहीत.

घरी आलो तर कुकरची शिट्टी वाजत होती. ममतानं नवीन आणलेली दिसते. आवाज कर्कश. जुनीत गोडवा होता.

१८ ऑक्टोबर
डब्यात चहाची गाळणी ठेवली होती. तिच्या बदल्यात बेल्टचं बक्कल आलं. त्यावर इंग्रजी डी कोरलेला. मॅडमचं नाव डोरोथी किंवा डायना. माझ्या धर्मपाल नावातही डी येतो, हा योगायोग वेगळाच. कंगवा आणि बक्कल काचेच्या कपाटात ठेवलं. ममता त्याकडे पाहून पदर तोंडाला लावून आत गेली. मत्सर.

गाळणीही घरात नवीन आली आहे. सध्या घरखर्चावर ममताचा कंट्रोल नाही. एकदा बोलणार आहे.

२ नोव्हेंबर
आज डब्यात रुई. मूठभर. मी बोटात धरून ताणली आणि अंगावर काटा आला. एवढा लांब धागा आपल्या जिल्ह्यात होत नाही. भारतातच होत नाही. इजिप्त. नाईलकाठचा माल. आवळ्याचा वास इथेही आहेच, म्हणजे पाठवणारी तीच.

पुंडलिकरावांना मूठभर दाखवून भागणार नाही. नियम चिकटवलेत त्याखालीच लिहून आलो: अशीच आणखी ठेवावी.

९ नोव्हेंबर
मॅडमनी पिशवीभर ठेवली! शब्दाला जागणारी बाई.

तीन दिवस मान अवघडली आहे. उशी खाली बसल्यासारखी वाटते. हवामान.

१२ नोव्हेंबर, रविवार
पुंडलिकरावांकडे जाऊन रुई टेबलावर ठेवली आणि इजिप्त म्हणालो. त्यांनी बादललाही बोलावलं. बादलनं चिमटी घेतली, ताणली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मले काही समजत नाही म्हणाला. ग्रेडर म्हणे! पुंडलिकराव म्हणाले, तेलाचा वास येऊन राह्यला. मी नाईलच्या दमट हवेबद्दल सांगितलं. शुक्रवारी या, तेव्हाच कोणाला ठेवायचं ते ठरवू, असं म्हणाले. ठरल्यातच जमा आहे.

घरी सांगितलं तर ममता पळी हातात धरून तशीच उभी राहिली. ते काहून नेलं तिथं, म्हणाली. शुक्रवारी नेऊ नका म्हणाली, दोनदा. मॅडमचं नाव निघालं की हिचं हे असं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ
इस्त्रीचा शर्ट. डी वालं बक्कल बेल्टला लावून पाहिलं. अगदी फिट बसलं.

१९ नोव्हेंबर
परवाचं लिहून टाकतो.

पुंडलिकराव होते, बादल होता, दोन हमाल होते. मी रुई पसरून इजिप्तच्या मातीवर बोलत होतो. तेवढ्यात फाटकातून ममता आली. काखेत उशी. माझी.

ती म्हणाली, "ही रुई आमच्या उशीतली हाय. मीच ठेवली डब्यात, गंमत म्हणून. यायच्या नोकरीवर येईन असं वाटलं नव्हतं मले."

पुंडलिकरावांनी शिवण उसवली, रुई ताणली, वास घेतला. उशी कुठे भरली होती, विचारलं. सांगावं लागलं. इथेच. माझ्या पहिल्या सीझनला, याच जिनिंगमधून, मी स्वतःच्या हातानं निवडलेली रुई.

हमाल हसले. पुंडलिकराव हसले नाहीत, ते जास्त लागलं. यंदा बादल राहील, म्हणाले. बादल खाली पाहत होता. त्यानं रविवारीच ओळखलं होतं आणि माझ्यासाठी गप्प बसला होता.

परतताना मी विचारलं, डबा तुला कसा कळला. भुरीबाईनं बाजारात सांगितलं म्हणे, तुया नवरा पुलियाखाली काहीतरी दपवते. शिट्टी आणायला गेली, झाकणावरचा नियम वाचला. नियम म्हणजे नियम, म्हणून पर्समधला माझा कंगवा ठेवला. मग जातच राहिली. रस्त्यात पुलिया आली तशी ती थांबली.

"आता काय ठेवलं असान तुमी, याच विचारात दिवस जाये माया. लग्न झाल्यापासून मायासाठी कोणी काही दपवलं नव्हतं. लई मजा आली मले. अन् त्याच मजेत तुमची नोकरी घालवली मी."

यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मान दुखते म्हणालो.

२७ नोव्हेंबर, दुपार
ममता पहाटेच वेचणीला गेली. पुलियाच्या पलीकडचं वावर. कापूस कमी, अळ्याच जास्त, म्हणते.

तिच्या यायच्या आत वरण लावलं. आमसूल सापडलं नाही. तिखट अजून कागदाच्या पुडीतच आहे, डबा पुलियाखालीच राहिला.

शिट्टी झाली. आवाज ओळखला.