पलीकडच्या उताराची पालवी

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्या मधमाश्यांची गुणगुण पोचते, तुझं बोलणं पोचत नाही. म्हणून हे पत्र. नोकरीला पाच महिने झाले. दिवसभर झाडांचाच विचार, पण माझ्या खिडकीतून दिसते ती समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी! उपग्रह दर आठ दिवसांनी चित्रं पाठवतो. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा उजेड परत फेकतं. तो मोजून कुठे पालवी कधी आली हे मी नकाशावर मांडते.

गंमत अशी, की तुझ्या घरामागच्या डोंगराचा पलीकडचा, पूर्वेचा उतार यंदा तीन आठवडे आधीच हिरवा दिसतोय. गेल्या वीस वर्षांच्या चित्रांत असं एकदाही झालेलं नाही. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, ही चित्रातली चूक. कुणी डोळ्यांनी बघितलं नसेल तर तो तुकडा काढून टाक. एक मार्चला बैठकीत मी पहिल्यांदाच बोलणार आहे. माझं मन सांगतं, चूक नाही. पण मनावर नकाशे होत नसतात, हेही बाईंनी सुनावून झालंय. तू वर जाऊन बघशील? गुडघा कुरकुरत असेल तर राहू दे.

तुझी (कामापुरती जास्तच गोड बोलणारी)
खारूताई

८ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

आकाशातून माझा डोंगर बघतेसच, तर दोरीवरचे कपडे वाळले का तेही कळवत जा. माझी एक खेप वाचेल.

बाळे, हिरवं दिसून माझ्या माश्यांचं पोट भरत नाही. त्यांना फुलं लागतात. तण माजलं तरी हिरवंच दिसणार. सव्वीस वर्षं मी पंधरा मार्चला टेम्पो बोलावते, लांबचा वळसा घेऊन चाळीस पेट्या पलीकडच्या पायथ्याशी नेऊन ठेवते, आणि झाडं त्याच आठवड्यात फुलतात. त्या आधी नेल्या आणि फूल नसलं तर माश्या उपाशी मरतील.

पायवाटेने जायचं म्हणशील, तर गेल्या वर्षी तिथेच घसरले. हाड जुळलं, धीर अजून जुळला नाही. रागावू नकोस, मला जमणार नाही.

जेवणाच्या वेळा पाळ. आहे तशीच माया ठेव.
आत्या

१३ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर यायच्या आतच हे दुसरं पत्र. नाही म्हणून कळवलं खरं, पण पत्र पेटीत पडल्यापासून कामात लक्ष लागेना. पोरीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं आणि मी गुडघा पुढे केला! काल शेजारच्या शिंपीणबाईंना म्हटलं, सोबत चला.

घसरले होते ते वळण आलं. मी खालीच बसले. बाईंनी हात धरून उठवलं आणि एका गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू केली. चार वेळा माप दिलं आणि चारही वेळा पोट आत ओढून दिलं! हसून हसून माझी पुरेवाट झाली. भानावर आले तेव्हा वळण मागे राहिलं होतं.

आणि वर पोचून पाहते तर काय! तण नाही गं, झाडंच. अख्खा उतार कोवळ्या पानांनी भरलेला, आणि पानांच्या बेचक्यांत कळ्या. डहाळी सोबत पाठवतेय. एक गोष्ट मात्र तुझ्या मोठ्या बाईंना सांग. दर जानेवारीत त्या उतारावर दुपारपर्यंत गार धुकं बसतं. यंदा ते जेमतेम पाच-सहा सकाळीच दिसलं. झाडांना वाटलं असेल, थंडी संपली.

मी निम्म्या पेट्या चोवीस तारखेलाच नेणार. निम्म्या तुझ्या भरवशावर, निम्म्या माझ्या. टेम्पोवाला मला वेड लागलं म्हणतो.

गुडघा ठीक आहे. काळजी करू नकोस, आठवण मात्र काढ.
आत्या

२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, तुकडा राहिला! तुझं पत्र वाचल्याबरोबर हवामान केंद्राच्या नोंदी मागवल्या. जानेवारीच्या रात्री नेहमीपेक्षा जवळजवळ तीन अंशांनी उबदार, आणि धुक्याचे दिवस फक्त सहा. तू सांगितलंस अगदी तसंच! बैठकीत आकडे दाखवले आणि डहाळी टेबलावर ठेवली. सुकली होती, पण कळ्या ओळखू येत होत्या. मोठ्या बाईंनी चष्मा वर करून ती बराच वेळ निरखली आणि सगळ्यांसमोर कबूल केलं, की चूक चित्राची नव्हती, त्यांची होती. मी जिन्यात जाऊन पोटभर रडून घेतलं.

मग बाईंनी विचारलं, निरीक्षकाचा हुद्दा काय? मी सांगितलं, मधपाळ. अहवालात तसंच छापणार आहेत. दर आठवड्याला तू डोंगराची खबर कळवावीस अशी त्यांची विनंती आहे. फॉर्म सोबत आहेत. पण तुझ्या वीस पेट्यांच्या धास्तीने मला घास उतरत नाहीये. फुलं आली का? लगेच लिही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली
खारूताई

२८ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

उशिराबद्दल कान धर माझे, पण हात मधाने चिकट होते! तुझं पत्र आलं त्याच दिवशी पलीकडचा उतार फुलला. वीसच्या वीस पेट्या जड झाल्या. पंधरा तारखेला तिथे फुलं संपत आली होती. उरलेल्या पेट्या तिथे नेल्या असत्या तर फसले असते. त्या अलीकडच्या उताराशी ठेवल्या. तो वेळेवर फुलला. टेम्पोवाला आता विचारतो, पुढच्या वर्षी कधी येऊ? मी म्हटलं, तारीख विसरा, मी बघून सांगते. डोंगराचं वेळापत्रक बिघडलंय याची धाकधूक आहेच. म्हणून दर आठवड्याला वर जाते. कधी शिंपीणबाईंबरोबर, कधी एकटी.

फॉर्मचे रकाने फार लहान आहेत, मोठ्या बाईंना सांग. मी पाठपोट लिहिलंय. सव्वीस वर्षं मी बघत आले, पण डोंगर कधी फुलतो हे मला कुणी लेखी विचारलं नव्हतं. खाली निरीक्षकाची सही असं छापलंय. पहिल्या फॉर्मवर सही वाकडी आली, म्हणून दुसरा फॉर्म घेतला आणि सगळं पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढलं.

मधाची बरणी वेगळी पाठवते. बाईंनाही दे, आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी आत्या
(निरीक्षक)