डाव्या हाताशी घंटा

सोमवार, ३ नोव्हेंबर
काल दुपारी निर्मला दोन तास ओल्या चादरीवर पडून होती. मी बाहेरच्या खोलीत झोपलो होतो, कानातले यंत्र काढून. तिने हाक मारली असणार. पक्षाघातापासून तिचा आवाज दारापर्यंतही पोहोचत नाही. बिनतारी घंटेचा सेल संपला होता, हे आम्हा नवरा-बायको दोघांनाही ठाऊक नव्हते. चादर बदलली. मला काही वाटले नाही, तेही नोंदवतो.
निर्णय : तारेची घंटा. बटण डाव्या हाताशी. उजवा हात निकामी.

मंगळवार, ४
शांती नगरातला वायरमन रफीक आला. पलंग फिरवला तर दार उघडत नाही. म्हणून तिचा डावा हात भिंतीकडे, आणि तिथेच खांब पुढे आलेला. त्याला लगटून तारेचा पाइप न्यायचा तर लागोपाठ तीन काटकोनी एल्बो.
"सर, तीन एल्बो में वायर नहीं खिंचेगा. ऊपर से घुमाते हैं, बडा बेंड डालके."
मी म्हणालो, वरून नेल्यास पाइप दुप्पट लागतो. जी तार एका एल्बोतून जाते, ती तिसऱ्यातूनही जाईल. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले आहे. तो म्हणाला, "ठीक है, आप बोलते हो तो."

गुरुवार, ६
तार दुसऱ्या एल्बोत अडकली, ओढताना तुटली. रफीक घामाघूम. "सर, आपका कॉलेज में सही होगा. पाइप के अंदर कौन सुनता है?"
घर्षण प्रत्येक वळणाला वाढत जाते. मी ते एकदाच धरले. दोष माझ्या युक्तिवादात.
पलंगावरून नि. म्हणाली, "हरलात." आजारानंतरचा पहिला स्पष्ट शब्द.

शुक्रवार, ७
रफीकने ढक्कनाचे एल्बो आणले. ढक्कन उघडून वळणावरच तार बोटांनी पुढे सरकवता येते. खांबामागच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर शिरेना. तिथे वळणाच्या बाहेरच्या अंगाला ढक्कन असलेला बसवला. बारापर्यंत काम झाले.
तिचे बोट बटणावर ठेवून मी दाबले. स्वयंपाकघरात घंटा वाजली. यंत्र काढूनही ऐकू आली.
"आंटी, कभी भी बजाओ. सर दौडके आएंगे."
नि.ने त्याच्याकडे पाहिले. माझ्याकडे नाही.

मंगळवार, ११
चार दिवसांत घंटा एकदाही वाजली नाही. मी तासातासाला जातो. आज दोनदा चादर ओली सापडली. बटण रोज दाबून पाहतो, चालते. म्हणजे पाइपात दोष नाही. डाव्या हातात ती चमचा धरते. म्हणजे हातातही नाही. उरते ते...
संध्याकाळी विचारले, "दाबलं का नाहीस?"
"अहो... त्या दिवशी... हाक मारली होती... ना."
ढक्कनांचे स्क्रू पुन्हा तपासले. घट्ट आहेत.
यंत्र कानात आहे. खुर्ची स्वयंपाकघरात आणली, घंटेखाली.