पाठ तपासणारं बोट

निर्णा, कार्तिक वद्य पंचमी, दिवेलागण

घाईनं लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

आज थोरले दीर आले. निजामाच्या कचेरीत कारकून आहेत, उर्दू घडाघडा वाचतात. लेकीला, नीलाला, उर्दू शाळेतून काढायचं का, हे ठरवायला ह्यांनीच बोलावलं असणार. “घरात पाठ बघणारं कुणी नसंल, तर कामून पाठवायचं?” असं हे म्हणाले होते. “मी बघते,” मी म्हणाले. माझ्या वडिलांनी, बापूंनी, मला मराठीची बालबोध लिपी शिकवली, तेवढ्या जोरावर. उर्दूचं एक अक्षर येत नाही, हे सांगितलंच नाही. आषाढापासून रोज नुसतं ओळीवरून बोट फिरवत बसते.

आज दीर समोर बसले. मी सवयीनं डावीकडे बोट ठेवलं. नीलानं पान सारखं केल्यासारखं करत माझं बोट उजव्या टोकाला नेलं आणि तिथून वाचायला लागली. उर्दू उजवीकडून वाचतात. एवढं तरी मला कळायला नको होतं?

दीर माझ्या बोटाकडेच बघत होते. त्यांनी तिला विचारलं, “माय रोज अशीच बसती?”

“व्हय, मोठे अप्पा. मी चुकले की बोट थांबवती.”

ते उठले. आता ओसरीवर ह्यांच्याशी बोलतायत. आवाज येतो, शब्द कळत नाहीत.

नीलाला हळूच विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं?

“पहिल्या दिवसापासनं. पण तुझं बोट असलं की मला ओळ सोडाय येत न्हाई.”