एका फुलात दोन तऱ्हेचं बी

बाबा, आज सकाळी आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमागे, पंपाच्या खोलीला लागून, ती वनस्पती दिसली आणि मी कामावर निघालेली तिथेच उकिडवी बसले. शेजारीण मोबाइलवर तिचा फोटो काढत होती. "अक्कलकारा आहे म्हणे. फूल चावलं की दाढ दुखायची थांबते," ती म्हणाली. मी म्हटलं, "थांब गं, तोंडात नको घालूस. अक्कलकाऱ्याचं फूल लांब देठावर उभं असतं. हे बघ, पानाच्या बगलेत बसलंय." तिनं माझ्याकडे बघितलं. "तू सोनोग्राफी करतेस ना? हे तुला कुणी शिकवलं?" "वडिलांनी," मी म्हणाले. बाकीचं तिथे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहितेय.

पार्ल्याच्या घरात तुमची नजर गेली ते वर्ष मला अजून नीट आठवतं. साखरेच्या आजारानं आधी वाचणं नेलं, मग माणसांचे चेहरे. कॉलेजात इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस दिवसभर पलंगाच्या कडेवर बसून राहायचा, रेडिओसुद्धा लावू द्यायचा नाही. कॉलेजातले लोक येत, चहा घेत आणि जाताना हळूच म्हणत, "सर, आता घरी आराम करा." तुम्ही मान हलवत होतात. आई स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भांडी जरा जास्तच जोरात ठेवायची. मी तेव्हा शाळेत होते. झाडापाल्याचा मला कंटाळाच होता, पण तुम्ही काहीतरी बोलावं म्हणून एका संध्याकाळी बिल्डिंगमागच्या गटाराकडेचं एक तण उपटून आणलं आणि तुमच्या हातात कोंबलं. "बाबा, अक्कलकारा आहे ना हा?"

"नाव कुणी विचारलं तुला?" तुम्ही करड्या आवाजात म्हणालात आणि ते मला परत दिलंत. "दिसतं ते सांग."

मी ओट्याजवळच्या दिव्याखाली जाऊन उभी राहिले, तुम्ही दारातल्या खुर्चीत येऊन बसलात. "पानं?" "हिरवी." "पानं हिरवीच असतात. समोरासमोर की एकाआड एक?" "समोरासमोर." "शिरा?" "तीन ठळक आहेत, पानाच्या बुडापासून निघालेल्या." "फूल?" "पिवळं, अगदी बारीक." "देठ केवढा?" मी शोधला, मिळाला नाही. "देठच नाही बाबा. पानाच्या बगलेत चिकटलंय." तेव्हा कितीतरी दिवसांनी तुम्ही चेहरा माझ्याकडे वळवलात. "मग अक्कलकारा कसा होईल? जा, वाळलेलं फूल घेऊन ये."

मी पळत खाली जाऊन घेऊन आले. आईनं न सांगता स्टीलची ताटली पुढे केली. फूल त्यात चोळलं. "सगळं बी सारखं आहे?" तुम्ही विचारलंत. हो म्हणणारच होते, पण पुन्हा पाहिलं. कडेचं बी चपटं, दोन्ही बाजूंना फाटक्या कागदासारख्या कडा असलेलं. मधलं सडपातळ, टोकाला दोन ताठ काटे. एकाच फुलात दोन तऱ्हेचं बी. मी दोन्ही तऱ्हेचं बी तुमच्या बोटावर ठेवलं. तुम्ही एकेक अंगठ्यानं फिरवलंत, पुन्हा फिरवलंत. "सिनेड्रेला," तुम्ही म्हणालात. "सिनेड्रेला नोडिफ्लोरा. सूर्यफुलाच्या कुळातलं, अमेरिकेकडून आलेलं तण." "मराठीत काय म्हणतात?" "ते मला नाही माहीत." आणि थोड्या वेळानं, "पाहिलंस तू. मी फक्त नाव सांगितलं."

पुढच्याच आठवड्यात तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून कॉलेजात गेलात. प्राचार्यांनी विचारलं, "सर, प्रॅक्टिकल कसं घेणार?" "मुलं बघतील, मी विचारीन," तुम्ही म्हणालात. पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर बसून होते. सुरुवातीला मुलं हसू दाबत होती. तास संपेपर्यंत ती खोडावरच्या लवेवरून आपसात भांडत होती. "अरे नीट बघ ना, वरच्या बाजूलाच आहे." गोवंडीहून येणाऱ्या एका मुलीनं शेवटी एक रोप आणलं. तिनं सगळं बारकाईनं सांगितलं, तुम्ही खूप विचारलंत, आणि मग सगळ्यांसमोर म्हणालात, "हे मला कळलं नाही. याला फळ धरलं की परत आण." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मला मात्र उभं राहून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं की हे माझे बाबा आहेत. निवृत्त होईपर्यंत तुम्ही तसंच शिकवलंत. आरामाचं नाव पुन्हा कुणी तुमच्यासमोर काढलं नाही.

आता मीही दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघून लोकांच्या पोटात काय दिसतं ते लिहिते. नव्या डॉक्टर मुलींना आजाराचं नाव लिहायची घाई असते. मी त्यांना थांबवते, आणि माझा आवाज तेव्हा थोडा करडा होतो असं त्या म्हणतात. मला ते आवडतं.

हे पत्र कुठे पाठवणार? तुम्हाला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायची, म्हणून हेही आत्ता मोठ्यानं वाचलं. घरात कुणी नव्हतं. तरी प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबत होते, तुम्ही मध्येच काही विचाराल म्हणून.